हॉर्नेट-ग्रासहॉपरच्या पुढच्या सस्पेन्शनचा वाद नेमका कुठून आला

ज्याच्या हातात टामिया या जपानी कंपनीची जुनी हॉर्नेट नाहीतर ग्रासहॉपर ही रिमोटवरची ऑफरोड गाडी येते त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, पुढं ऑइल शॉक, म्हणजे उसळी दाबणारा तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर, टाकू का. आपल्याकडं मराठवाड्यात तर लगेच कुणीतरी "टाक की" म्हणून मोकळा होतो. त्यामागचं थोडं सांगतो.

टामियाच्याच १९७९ च्या रफ रायडर, सँड स्कॉर्चर या गाड्यांना पुढं फोक्सवॅगन बीटलसारखे ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागच्या टोकाला चाक धरणारे दांडे होते, धातूचे, महागडे. १९८४ ला टामियानं ग्रासहॉपर आणि हॉर्नेट काढल्या त्या नवशिक्यांसाठी, त्यामुळं पुढं सगळं स्वस्तात बसवलं, प्रत्येक बाजूला एकच आर्म, वर स्प्रिंग, आत सरकणारी दांडी, तेलाचा थेंब नाही. हॉर्नेटला मागं ऑइल शॉक मिळाले, पुढं मात्र तेच राहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची आरसी१० ही रेसची गाडी आली, ॲल्युमिनियमचं चेसिस म्हणजे सांगाडा, पुढं डबल विशबोन म्हणजे एका चाकाला वर-खाली दोन आर्म, आणि १९८५ ला कॅलिफोर्नियात पहिली जागतिक ऑफरोड स्पर्धा झाली तिथं टूव्हील, म्हणजे दोनच चाकांना मोटरची ताकद असणाऱ्या गाड्यांचा गट तिनंच मारला. रेसमध्ये पुढं विशबोनच चाललं.

आता खरा घोळ इथं आहे. सगळे शॉकवर भांडतात आणि आर्मकडं कुणी बघतच नाही. आर्म एकच असल्यामुळं चाक वर गेलं की वरून आत झुकतं, खाली लोंबलं की खालून आत ओढलं जातं, चाकाचा हा तिरकेपणा म्हणजे कॅम्बर, तो शॉक बदलून एक अंशानंही सुधरत नाही. तेलानं उसळी कमी होते, ते खरंच आहे आणि खडीवर लगेच कळतं. पण लोक मिळेल तो लांब शॉक लावतात, गाडीचं तोंड वर उचलतं, चाकं अजून वाकडी होतात आणि वळणावर गाडी सरळच पळते. त्यात भर म्हणजे टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांडीचं) आतलं टोक आर्मच्या पिव्हटच्या, म्हणजे आर्म जिथं फिरतो त्या बिंदूच्या, रेषेत नसलं तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलतं, मग दोष सर्वोवर, म्हणजे स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरवर जातो. त्याच्यात सर्वोची काही चूक नसते.

दुसरा वाद जुनी गाडी कापून-ड्रिल मारून बदल करायच्या कापाकापीचा. हॉर्नेट २००४ ला आणि ग्रासहॉपर २००५ ला परत निघाली, तिथून सगळं बदललं, कारण कापायला नवी गाडी मिळायला लागली. माझं स्पष्ट मत आहे, १९८४ च्या चेसिसला ड्रिल लावूच नका, जे करायचं ते आहे त्याच भोकांत नटबोल्टवर करा म्हणजे उद्या परत मूळ रूपात आणता येते. विशबोन बसवायचंच असेल तर नव्या चेसिसवर बसवा, लेथवाल्याकडून बुश (पिव्हटात बसणारी छोटी नळी) काढून घ्या, प्लेट कापून घ्या. फक्त ती गाडी मग हॉर्नेटसारखी चालणार नाही, पुढून हलकं उड्या मारत जाणं हीच तर तिची ओळख.

ज्यांना मधला रस्ता पाहिजे त्यांनी आखूड ऑइल शॉक घ्यावा, उघडून पिस्टनच्या खाली दांडीवर दोन-तीन मिलिमीटरची नळी टाकावी म्हणजे आर्म फार खाली लोंबत नाही. तेल सिलिकॉनचंच, आणि पातळ, कारण गाडीचं पुढचं वजन मुळातच कमी आहे. इकडच्या मुरमावर एवढं पुरतं. काळ्या मातीच्या ढेकळांत मात्र सस्पेन्शनच्या आधी टायर बदला.