गळ, बंदूक आणि पंचवीस टक्के

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांमध्ये उन्हाळा आला की एक तक्रार हमखास ऐकू येते. तळ्याकाठी गळ टाकून निवांत बसलो होतो, वन्यजीव खात्याचा गणवेशातला वॉर्डन आला, परवाना दाखवा म्हणाला, परवाना नव्हता, दंड झाला. त्यावर कोणीतरी म्हणतंच, ‘सरकारला पैसे उकळायला निमित्त हवं.’ विषय शिकारीकडे वळला तर आणखी एक जण म्हणतो, ‘पैसे भरा आणि हरणं मारा, वर पुन्हा निसर्गप्रेमाच्या गप्पा.’ याच्या थेट उलटा दावा तिथल्या शिकारी संघटना करतात. अमेरिकेतले वन्यप्राणी आमच्या पैशावर जगले, बाकीचे नुसते दुर्बिणी लावून बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही बाजूंनी एक मजेशीर यंत्रणा न बघताच मत बनवलंय. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे ही यंत्रणा आपल्या ओळखीची नाही. पण लोकसंख्याशास्त्र, करआकारणी आणि जीवशास्त्र यांची इतकी घट्ट वीण दुसरीकडे क्वचितच सापडते.

सुरुवात पैसा जातो कुठे इथून करू. अमेरिकेत रानातलं हरीण जमीनमालकाचं नसतं. ते जनतेचं, आणि राज्य त्याचं विश्वस्त. सांभाळण्याची जबाबदारीही त्यामुळे मुख्यतः राज्यांच्या मत्स्य-वन्यजीव खात्यांकडे आली. विसाव्या शतकाच्या तोंडावर या खात्यांकडे सांभाळायला फारसं काही उरलंच नव्हतं. पांढऱ्या शेपटीची हरणं देशभरात मिळून पाच लाखांच्या आसपास राहिली असावीत. कधीकाळी आकाश झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटचं, मार्था नावाचं, १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली, परवाने आले, परवान्याचे पैसेही येऊ लागले. पण राज्याची तिजोरी रिकामी दिसली की हे पैसे रस्त्यांसाठी, शाळांसाठी किंवा आणखी कशासाठी तरी वळवले जात.

व्हर्जिनियाचे ए. विलिस रॉबर्टसन त्या राज्याच्या शिकार आयोगाचे अध्यक्ष राहिलेले होते, त्यामुळे ही पळवापळवी त्यांना चांगली ठाऊक होती. पुढे संसदेत गेल्यावर नेवाडाचे सिनेटर पिटमन यांच्यासोबत त्यांनी जो कायदा आणला, त्यावर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २ सप्टेंबर १९३७ रोजी सही केली. कायद्यात दोन गोष्टी होत्या. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना वाटायचा, ही पहिली. दुसरी रॉबर्टसन यांनी घातलेली छोटीशी अट: शिकारीच्या परवान्याचा पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याच्या कामाखेरीज कुठेही वापरायचा नाही. वापरला तर केंद्राचा वाटा बंद. पुढे नियम आणखी आवळले गेले. परवान्याच्या पैशावर मिळालेलं व्याज किंवा त्या पैशातून घेतलेल्या जमिनीवरची लाकूडविक्री, सगळं याच कुलपात. दंड केलेल्या माणसाला हे सांगून काही आनंद होणार नाही, पण त्यानं परवाना काढला असता तर ते पैसे केंद्राचा वाटा गमावल्याशिवाय राज्यपालालाही दुसरीकडे फिरवता आले नसते.

केंद्राचा कर कोणाला दिसत नाही, कारण तो दुकानातल्या बिलावर वेगळा छापलेला नसतो. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के, आणि तोही कारखानदाराच्या किंवा आयातदाराच्या विक्रीकिमतीवर. मासेमारीसाठी असाच कायदा १९५० साली आला. गळाच्या काठ्या, रिळं, आमिषं यांपैकी बहुतेकांवर १० टक्के. १९८४ नंतर मोटरबोटींच्या इंधनावरच्या कराचा काही भागही याच खात्यात येऊ लागला. म्हणजे तळ्यात बोट फिरवणारा माणूस नकळत ट्राउट माशांच्या पिल्लांचा खर्च उचलत असतो.

आता मला ज्याचं खरं वेड आहे त्या भागाकडे येतो. जमा झालेला पैसा पन्नास राज्यांत वाटायचा कसा?

वन्यजीव निधीचं मूळ सूत्र असं: अर्धा पैसा राज्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि अर्धा परवानाधारकांच्या संख्येच्या प्रमाणात. मासेमारीत हेच प्रमाण ४० आणि ६०. शिकारीच्या निधीत कोणत्याही राज्याला ५ टक्क्यांहून जास्त नाही आणि अर्ध्या टक्क्याहून कमी नाही. अलास्काला अवाढव्य जमिनीमुळे वरची मर्यादा लागते. टेक्सासलाही लागते, पण तिथे जमीन आणि माणसं दोन्ही आहेत. ऱ्होड आयलंडसारखं चिमुकलं राज्य खालच्या मर्यादेवर टेकलेलं असतं. पिस्तूल आणि धनुष्यबाणांवरच्या कराचा अर्धा भाग लोकसंख्येनुसार शिकारीच्या प्रशिक्षणासाठी जातो, तो बारकावा इथे सोडून देऊ.

आकडे सोयीसाठी माझे धरू. वाटायचा निधी ८० कोटी डॉलर, त्यातले ४० कोटी परवानाधारकांच्या हिशोबाने. देशभरात परवानाधारक १ कोटी ६० लाख. म्हणजे माणशी २५ डॉलर. एखाद्या मधल्या आकाराच्या राज्यानं ३० डॉलरचे एक लाख नवे परवाने विकले तर ३० लाख थेट मिळतात, आणि केंद्राकडून साधारण आणखी २५ लाख. म्हणजे एका परवान्याची किंमत ३० नव्हे, ५५ डॉलर.

पण थांबा, इथे दोन गाठी आहेत. पहिली, एकूण निधी परवान्यांमुळे वाढत नाही, तो बंदुकांच्या खपावर ठरतो. लाडू तेवढेच आणि पंगत वाढली, असा प्रकार. एका राज्याला जास्त मिळालं की इतरांच्या पानातलं कमी होतं. याचा उलटा अर्थ अधिक गमतीचा आहे. सगळ्याच राज्यांत शिकारी १० टक्क्यांनी घटले तर गुणोत्तरं तीच राहतात आणि केंद्राच्या पैशात कोणालाच काही फरक जाणवत नाही. थोडक्यात, राज्याला शिकारी वाढवण्याची गरज नाही, शेजाऱ्यापेक्षा कमी वेगानं घटले तरी भागतं!

दुसरी गाठ खरी दुखरी आहे. केंद्र बहुतेक प्रकल्पांचा जास्तीत जास्त ७५ टक्के खर्च देतं. उरलेले २५ टक्के राज्यानं स्वतःच्या खिशातून घालायचे, आणि तो खिसा म्हणजे मुख्यतः परवान्याचं शुल्क. २५ लाख उचलायचे तर राज्याकडे आधी सव्वाआठ लाखांच्या वर स्वतःचे हवेत. ते नसतील तर केंद्राचा पैसा समोर असूनही हात लावता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीत न वापरलेला वाटा राज्याच्या हातून जातो. शिकारी सगळीकडे सारखेच घटले तर केंद्राचा वाटा हलत नाही, पण हा २५ टक्क्यांचा खिसा मात्र नक्की आटतो. यंत्रणेचं सगळं वजन या लहान तुकड्यावर तोललेलं आहे.

त्यामुळे ‘परवानाधारक’ कोणाला म्हणायचं याचे नियम वाचताना मला रहस्यकथेचा आनंद मिळतो. एकाच माणसानं हरणाचा, टर्कीचा आणि बदकाचा असे तीन परवाने काढले तरी मोजायचं एकच डोकं. राज्यानं दरवर्षी हा आकडा प्रमाणित करून पाठवायचा. फुकट दिलेला परवाना मोजायचा नाही, राज्याला त्यातून किमान काही निव्वळ उत्पन्न मिळालंच पाहिजे. म्हणून काही राज्यांनी ज्येष्ठांचा मोफत परवाना बंद करून नाममात्र शुल्काचा केला. ओरड झाली, पण त्या आजोबांचं डोकं मोजणीत आलं. आणि आजीव परवाने? ते घेतलेला माणूस आज जिवंत आहे की नाही, हे राज्याला कसं कळणार? त्यासाठी विमा कंपन्या वापरतात तसले मृत्युमान-तक्ते किंवा नमुना पाहणी वापरण्याची मुभा आहे. साठ वर्षांपूर्वी आजीव परवाना घेतलेल्यांपैकी किती जण अजून हयात असावेत याचं संख्याशास्त्र करून हरणांसाठी पैसे मागितले जातात.

या पैशाचं काय झालं? सगळ्यात लोभस उदाहरण रानटर्कीचं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अंदाजे दोन लाखच उरल्या होत्या. राज्यांनी आधी फार्मवर वाढवलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या, त्या मरत गेल्या. कारण उघड होतं. काय खायचं, कोणाला घाबरायचं, झाडावर कुठे बसायचं हे पिल्लू आईच्या मागे फिरून शिकतं, आणि इथे आईच नव्हती. रान माहीत असलेले पक्षीच पकडून हलवायला हवे होते, पण टर्की पकडणं महाकठीण. १९५०च्या दशकात उपाय सापडला. मका टाकून थवा उघड्यावर आणायचा, बाजूला घडी करून लपवलेलं जाळं बारुदानं उडवायचं, क्षणात सगळा थवा जाळ्याखाली. मग खोक्यांत भरून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात सोडायचा. जाळी, माणसं, गाड्या यांचा बराचसा खर्च परवाने आणि बंदुकांवरच्या करातून निघाला. पुढे रानटर्कींची संख्या साठ लाखांपलीकडे गेली.

परवान्याचा तिसरा उपयोग पैशाचा नाहीच. बदकांच्या शिकाऱ्याला परवान्याबरोबर नाव नोंदवावं लागतं, आणि त्या यादीतून काही जणांना टपालखर्च भरलेली पाकिटं पाठवतात. मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख कापून त्यात घालायचा आणि पेटीत टाकायचा. हंगामानंतर देशातल्या स्थलांतरी पक्ष्यांच्या चार उड्डाणमार्गांवरचे जीवशास्त्रज्ञ टेबलांभोवती जमतात आणि हजारो पंख हातात घेऊन बघतात. त्या वर्षी जन्मलेल्या बदकाच्या पंखातली काही पिसं अरुंद असतात, कडा फिकट आणि टोकं विस्कटलेली. प्रौढाची पिसं रुंद, टोकाशी गोलसर. प्रौढांमागे पिल्लं किती यावरून त्या उन्हाळ्यातली वीण कशी झाली ते समजतं. अर्थात पिल्लं अननुभवी, ती जास्त मारली जातात, म्हणून पायात कडी घातलेल्या बदकांच्या माहितीवरून ते गुणोत्तर सुधारून घ्यावं लागतं.

याच परवानाधारकांपैकी कित्येक जण सूर्य-चंद्राच्या स्थितीवरून मासे कधी गळाला लागतील ते सांगणारे ‘सोल्युनर’ तक्तेही बाळगतात. भरती-ओहोटीचा समुद्रातल्या माशांवर परिणाम होतो, हे खरं. पण घराशेजारच्या तळ्यातला बास मासा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमिष धरेल असं सांगणारा तक्ता आणि आपला शुभ मुहूर्त यांत मला तरी फरक दिसत नाही. पाण्याचं तापमान मोजलं तर त्याहून जास्त उपयोग होईल.

आता शिकारी संघटनांच्या दाव्याकडे. आज या करातला मोठा हिस्सा भरणारे बंदूकधारी शिकारीला जातच नाहीत. पिस्तूल घेणारा माणूस नेमबाजी करतो किंवा ते घरात ठेवतो. बंदुकांवर निर्बंध येणार अशी हवा उठली की खप उसळतो, आणि त्यामागोमाग वन्यजीव निधी फुगतो. भीतीपोटी झालेल्या खरेदीवर हरणांचं कुरण वाढतं, हे वास्तव कौतुकाचं मानायला माझं मन तयार नाही. खुद्द शिकारी मात्र कमी होताहेत. केंद्राच्या पाहणीत २०११ साली १ कोटी ३७ लाख होते, २०१६ साली १ कोटी १५ लाख. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी म्हातारी होतेय आणि तिच्या जागी तितकी नवी माणसं येत नाहीत. २०२० साली साथीमुळे लोक घराबाहेरच्या मोकळ्या जागा शोधू लागले तेव्हा परवान्यांची विक्री वाढली, पण वयाचं गणित त्यामुळे बदललेलं नाही.

आणि ज्याचे पैसे, त्याचे प्राणी, हा दोष तर जन्मापासूनचाच. हरीण, टर्की, बदक, ट्राउट यांना जे मिळतं त्याच्या पासंगालाही बेडूक, वटवाघळं, गोड्या पाण्यातले शिंपले पुरत नाहीत, कारण वटवाघळाचा परवाना कोणी काढत नाही. राज्यांनी मिळून संकटातल्या सुमारे १२,००० प्रजातींची यादी केली आहे. तिच्यासाठी दरवर्षी सुमारे १४० कोटी डॉलर देणारं विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं.

मिसुरीनं वेगळी वाट आधीच धरली होती. १९७६ साली तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीवर एक टक्क्याच्या आठव्या भागाइतका कर लावला आणि तो वन्यजीव खात्याच्या नावे केला. आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. बंदूक घ्या की दूध, सगळ्यांकडून सारखाच. मिसुरीचं खातं तरीही शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने मन लावून विकतं, कारण केंद्राच्या सूत्रात दूध घेणारा माणूस अजून मोजला जात नाही.