'त्यांच्या घरातच आहे हार्टचं' हे अर्धंच खरं आहे

पन्नाशीच्या आत कुणाला अटॅक आला की दवाखान्याच्या बाहेर उभी असलेली चार माणसं एकच गोष्ट बोलतात, त्यांच्या घरातच आहे ते, बापाला पण होतं, काकाला पण होतं. अहिराणीत 'त्यासना घरमाच शे' म्हटलं की विषय संपला. मला हे ऐकलं की अस्वस्थ व्हायला होतं, कारण उरलेल्या अर्ध्या भागात करण्यासारखं खूप आहे आणि ते आपण या एका वाक्यावर सोडून देतो.

जीन्सचा वाटा आहेच, नाही म्हणत नाही. पण जळगाव-धुळ्याच्या एखाद्या घरातला आजोबा आणि नातू बघा, दोघांत जीन्स एकाच घराण्याचे, आजोबा शेतात राबून भाकरी खाऊन ऐंशी गाठतो आणि नातवाला पंचेचाळिशीत स्टेंट पडतो. बावन्न देशांतल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९च्या आसपास. दोन पिढ्यांत जीन्स बदलत नाहीत हो, बदलतं ते कुठला जीन किती चालू आणि किती बंद ते. जीन असे चालू-बंद कसे होतात याच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

आपल्याकडे केळीच्या बागेत ठिबक सगळ्यांनी बघितलंय. पाइप तोच, पाणी तेच, पण कुठल्या ओळीचा कॉक बंद आहे त्यावर कुठलं झाड प्यायचं ते ठरतं. पेशीत डीएनएवर मिथाइल नावाचा बारीकसा रासायनिक गट येऊन चिकटतो आणि बऱ्याचदा तिथला जीन शांत होतो. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर पण अशाच खुणा असतात, त्यांनी गुंडाळी सैल होते किंवा घट्ट. आता मुद्दा असा की हे मिथाइल गट शरीर अन्नातूनच जमवतं, पालेभाज्या-डाळीतलं फोलेट, दूध-अंडी-मटणातलं बी-१२, अंड्यातलं कोलीन, हे सगळं त्या कामाला लागतं. म्हणजे ताटातली वस्तू थेट जीनच्या कॉकपर्यंत पोचते.

आणि खुणा लवकर पुसल्या जात नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रक्तवाहिनीच्या आतल्या थराच्या पेशी फक्त १६ तास जास्त साखरेत ठेवल्या आणि मग साखर नॉर्मल केली, तरी सूज वाढवणारा जीन पुढे सहा दिवस चढलेलाच राहिला कारण हिस्टोनवरची खूण तशीच होती. हे प्रयोगशाळेतल्या पेशींचं आहे, पण डायबेटीसच्या पेशंटमध्ये पण हेच दिसतं, सुरुवातीची काही वर्षं साखर नीट सांभाळली तर फायदा पुढे खूप वर्षं टिकतो आणि सुरुवातीला हयगय केली तर नंतर कितीही कंट्रोल केला तरी थोडं नुकसान राहतंच. म्हणून 'आता नुसती बॉर्डरवर आहे, बघू पुढे' असं म्हणू नका. बिडी-सिगारेटच्या पण अशाच खुणा रक्तात सापडतात, सोडल्यावर हळूहळू उतरतात, पण त्याला वर्षं लागतात.

आपल्या कळण्याच्या भाकरीबद्दल पण सांगायचंय. ज्वारी आणि सालासकट उडीद, म्हणजे भरपूर चोथा, तो आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. हे ब्युटिरेट हिस्टोनवरच्या खुणा काढून टाकणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि आतड्याची भिंत पण मजबूत ठेवतं. मैद्याचा पाव आणि तर्रीतली शेवभाजी रोज खाल्ली तर हा चोथा कुठून येणार? शेवभाजी मलाही जीव की प्राण आहे, पण ढाब्यावर कधीतरी खाणं वेगळं आणि घरात रोज संध्याकाळी पुडा फोडून करणं वेगळं. फक्त कळण्याच्या पिठात मीठ आधीच असतं, वरून ठेचा आणि पापड, तेव्हा बीपीवाल्यांनी मिठाचा हात आखडता घ्यावा.

पण खरी गोष्ट याच्याही आधी सुरू होते, आईच्या पोटात. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली, माणशी रेशन हजार कॅलरीच्या खाली गेलं. त्या वेळी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत असलेल्या बायांची मुलं जन्मताना वजनाने बरीच होती, बघून काही कळलं नसतं, पण पुढे मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला आणि साठ वर्षांनी रक्त तपासलं तर वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जीनवरचं मिथाइल त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होतं. हे वाचलं की मला आपला १९७२चा दुष्काळ आठवतो, मिलोची भाकरी आणि खडी फोडणाऱ्या गरोदर बाया. त्या वेळी पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेलीय, या लोकांनी तरी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल दर वर्षी तपासून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दुष्काळ नसताना पण हे चालूच असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळं हडकुळी असून अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त, स्नायू कमी. हीच ठेवण पुढे डायबेटीस आणि हार्टकडे नेते. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करेना. फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही, ती बाळाच्या मणक्यासाठी लागतेच, पण सोबत बी-१२ बघायलाच पाहिजे, कारण भाकरी, वांगं, केळी कितीही खाल्लं तरी त्यात ते नसतं.

आणि आपल्या घरात दूध कुणाच्या वाट्याला येतं? आधी पुरुष, मग पोरं, सून शेवटी, जे उरेल ते. त्यात कुणी म्हातारी सांगते, जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल. पोटात मुलगी असेल तर तिच्या अंडपेशी पण तिथेच तयार होतात, म्हणजे त्या ताटाचा संबंध नातीपर्यंत जातो. माणसात अशा खुणा पिढ्यान्‌पिढ्या उतरतात का यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, गर्भ तयार होताना बहुतेक खुणा पुसून नव्याने लिहिल्या जातात, त्यामुळे डीएनए बघून डाएट देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या पॅकेजच्या नादी लागू नका. कोलेस्टेरॉलची साधी तपासणी आज त्याहून जास्त सांगते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये आईच्या ताटाची परीक्षा पण झालीय. बायांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला एक नाश्त्याचा पदार्थ दिला, तर गरोदरपणातला डायबेटीस १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर दिसला. औषध नाही, इंजेक्शन नाही, हे सगळं आपल्या चुलीवर होण्यासारखं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे अंगणवाडीत २०१५पासून अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं, ते कुठे बंद पडलं तर गावाने ग्रामसभेत विचारलं पाहिजे. आणि ज्यांच्या घरात मुलीचं किंवा मुलाचं लग्न ठरलंय त्यांनी त्या मुलीचं किंवा होणाऱ्या सुनेचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ लग्नानंतर लगेच तपासून घ्यावं, दिवस जायची वाट बघू नये.