पालकत्व शिक्षण, नवपालकांचे

पहिल्यांदाच आईवडील होणाऱ्यांना बालसंगोपनाचे ज्ञान, कौशल्य आणि मानसिक आधार देऊन मुलांची मारहाण, मानसिक छळ व हेळसांड मुळातच टाळण्याच्या उपक्रमांना ही संज्ञा लावतात. असे शिक्षण बहुधा गर्भारपणात सुरू होऊन मूल सुमारे दोन वर्षांचे होईपर्यंत चालते. छळ उघडकीस आल्यानंतर हस्तक्षेप करणाऱ्या बालसंरक्षण यंत्रणेहून ते वेगळे असून पालकांवर कोणताही संशय न ठेवता दिले जाते. लैंगिक अत्याचाराच्या प्रतिबंधाचे मार्ग बऱ्याच अंशी निराळे असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

या शिक्षणाचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. फ्रेंच न्यायवैद्यक आंब्र्वाझ तार्द्यू यांनी १८६० मध्ये मुलांना दिल्या जाणाऱ्या क्रूर वागणुकीच्या प्रकरणांचे वर्णन केले होते. अमेरिकेत क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव आणि लांब हाडांचे अस्थिभंग एकत्र आढळलेल्या सहा तान्ह्या बाळांची नोंद केली. मात्र या इजा कशा झाल्या, हे त्यांनी अनिर्णित ठेवले. डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मधील एका लेखात अशा इजांमागे पालकांची मारहाण असू शकते असे स्पष्ट मांडले, आणि अनेक लेखक प्रतिबंधाचा इतिहासही याच लेखापासून सुरू करतात. तथापि हा इतिहास मुख्यतः निदानाचा आहे. घरोघरी जाऊन बाळंतिणीला व बाळाला मदत करणाऱ्या परिचारिकांची परंपरा त्याहून जुनी आहे. फिनलंडमधील माता-बाल सल्ला केंद्रांचा आरंभ १९२० च्या दशकातला आहे. हे दोन प्रवाह १९७० नंतर एकत्र आले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण खुद्द केंप यांनीच १९७६ मध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या घरी आरोग्यसेविकेने जावे, ही कल्पना उचलून धरली.

या कल्पनेची काटेकोर परीक्षा अमेरिकन संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पहिल्या खेपेच्या ४०० गर्भवतींची तिच्यात यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकाव्यात तशी) विभागणी करण्यात आली आणि एका गटाला गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत परिचारिकेच्या गृहभेटी मिळाल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ वर्षांच्या पाठपुराव्यात या गटातील मातांविरुद्ध शाबीत झालेल्या छळ-हेळसांडीच्या तक्रारी तुलना गटाच्या सुमारे निम्म्या आढळल्या. पुढील विश्लेषणात, ज्या घरांत जोडीदाराकडून वारंवार हिंसा होत होती तेथे हा लाभ दिसेनासा होतो, असे निष्पन्न झाले. आईच जिथे भीतीखाली जगते, तिथे केवळ संगोपनाचे धडे पुरत नाहीत, ही गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यायला हवी.

बाळाचे रडणे हा या शिक्षणातील कळीचा भाग होय. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांच्या १९६२ च्या अभ्यासानुसार निरोगी बाळाचे रडणे पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठते आणि पुढे ओसरते. हे ठाऊक नसलेले, झोपेला मुकलेले पालक ‘बाळ मुद्दाम छळते’ किंवा ‘आपल्यालाच जमत नाही’ अशा समजुतीला पोहोचतात, आणि संतापाच्या भरात बाळाला गदागदा हलवण्याचे प्रकार घडतात. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान दुबळी असल्याने काही सेकंदांच्या हिसक्यांनीही मेंदूभोवतीच्या शिरा फाटू शकतात. म्हणून पालकांकडून एक साधी कृती आधीच ठरवून घेतली जाते : बाळाची भूक, लंगोट आणि ताप पाहून झाल्यावरही ते शांत होत नसेल व आपला तोल सुटतो आहे असे वाटले, तर त्याला पाळण्यात पाठीवर निजवावे, खोलीबाहेर यावे, कोणाला तरी हाक मारावी किंवा फोन करावा आणि थोड्या वेळाने परत जाऊन पाहावे. बाळ काही मिनिटे रडत राहिले म्हणून इजा होत नाही, हे पालकांना निःसंदिग्धपणे सांगावे लागते.

प्रसूतीनंतर रुग्णालयातच ही माहिती देण्याचा उपक्रम मेंदूशल्यविशारद मार्क डायस यांनी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये राबवला. तेथे हलवण्यामुळे होणाऱ्या अशा शिरोइजांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये नोंदले गेले. पेनसिल्व्हेनियातील राज्यव्यापी प्रयोगात मात्र तशी घट आढळली नाही. ब्रिटनमध्ये परिचारिका-भेटींच्या कार्यक्रमाची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही मुख्य निकषांवर लाभ दिसला नाही. तेथे सर्वांना मिळणारी नेहमीची आरोग्यसेवाच भक्कम असल्याने फरक झाकला गेला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मोजमापाची अडचण याहून खोल आहे. परिचारिका ज्या घरी जाते त्या घरातील हेळसांड तिच्या नजरेस अधिक पडते, त्यामुळे छळ घटला तरी तक्रारी घटतीलच असे नाही. उपलब्ध पुरावा पाहता, एकदाच दिलेल्या पत्रकापेक्षा त्याच व्यक्तीने दीर्घकाळ दिलेल्या भेटींकडे अधिक आशेने पाहता येते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १८ पालकांना साहाय्य देण्याची व कलम १९ मुलांना हिंसेपासून संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पुरस्कारलेल्या सात उपाययोजनांत पालकांना आधार देणे ही एक आहे. वडील व दत्तक पालक यांच्याविषयीचे संशोधन मातांच्या तुलनेत तुटपुंजे आहे.