कुत्र्याच्या छातीतली खळखळ

लस टोचायला नेलेल्या कुत्र्याच्या छातीला डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ऐकतात आणि सांगतात, "मर्मर आहे." दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत या शब्दाचं "हृदयाला भोक आहे" झालेलं असतं. मग कारवानी या शिकारी जातीचं चांगलं पिल्लू परत केलं जातं, किंवा म्हाताऱ्या पामेरियनचं फिरणंच बंद होतं. मर्मर हे रोगाचं नावच नाही. तो एक आवाज आहे, आणि तो कशामुळे येतोय हे शोधायचं काम तिथून पुढे सुरू होतं.

निरोगी हृदयाचे दोन आवाज असतात, लब आणि डप. कप्प्यांमधल्या झडपा मिटतात तेव्हा लब, आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात तेव्हा डप. या दोन्हींच्या मधे रक्त भरपूर वाहतं, पण आवाज न करता, थरावर थर सरकावेत तसं. ही शिस्त मोडली, रक्तात भोवरे उठले, की वाहिनीच्या भिंती थरथरतात आणि कानाला "फुस्स" ऐकू येतं. तोच मर्मर.

उसाला पाणी पाजणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. सपाट पाटातलं पाणी गप्प जातं. दारं मोडून सरीत सोडलं की त्या अरुंद तोंडाशी ते खळखळतं. पाणी तेच, वाट अरुंद झाली आणि वेग वाढला. दुसरी गोष्ट गुऱ्हाळात दिसते. काकवी भांड्यात ओतली तर आवाज येत नाही. तेवढ्याच उंचीवरून पाणी ओता, खळखळ होते. इथे फरक दाटपणाचा आहे.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हेच मोजलं. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करायचा आणि त्याला दाटपणाने भागायचं. सरळ नळीत हा आकडा सुमारे २००० च्या वर गेला की धार विस्कटू लागते. आता २५ किलोचं कुत्रं घेऊ. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य वाहिनी अंदाजे २ सेंटिमीटर, म्हणजे ०.०२ मीटर रुंद, रक्ताचा वेग सेकंदाला १ मीटर, घनता १०५०, दाटपणा ०.००४. उत्तर येतं ५२५०. म्हणजे मर्मर यायलाच हवा. पण हृदय रक्त सेकंदाच्या छोट्या हिश्शात झटक्याने ढकलतं, आणि वेग वाढत असताना प्रवाह शिस्त टिकवून धरतो. म्हणून निरोगी कुत्रं या आकड्यालाही गप्प राहतं. मात्र रक्त पातळ होऊन दाटपणा ०.००२५ वर आला आणि ऑक्सिजनची तूट भरून काढायला हृदयाने वेग दीडपट केला, तर तोच आकडा १२६०० होतो, जवळजवळ अडीच पट. झडपा धडधाकट, भोक कुठेच नाही, आणि तरीही मर्मर.

आपल्याकडे हे गणित महत्त्वाचं ठरतं ते गोचिडांमुळे. कुत्र्याचा तपकिरी गोचीड अंगावर असतोच, पण भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या कोपऱ्यातही राहतो आणि तिथे हजारोंनी अंडी घालतो. त्याच्या चाव्यातून एर्लिकिया हा जिवाणू किंवा बबेसिया हा एकपेशीय परजीवी रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी घटतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. तो २५ च्या खाली उतरला की पातळ रक्ताचा मंद मर्मर ऐकू येण्याची शक्यता वाढते. म्हणून इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, लांबच्या शहरात धावण्याआधी वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हिरडी अंगठ्याने दाबून सोडली की २ सेकंदांच्या आत रंग परततो. हिरडी पांढुरकी किंवा पिवळसर असेल तर आधी रक्त तपासायचं. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. तांबड्या पेशींचा हिस्सा मोजायला बारीक काचनळीत काही थेंब रक्त आणि काही मिनिटं यंत्रात फिरवणं एवढंच लागतं. त्याबरोबर रक्ताची काच, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही बघून घ्याव्यात.

काच बघणं टाळू नये, कारण दोन्ही रोगांची औषधं वेगळी आहेत. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यावं लागतं. बहुतेक वेळा चूक इथेच होते. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रं खायला लागतं आणि गोळ्या बंद होतात. दुसरी चूक म्हणजे गरज नसताना "एक सलाइन लावा" हा आग्रह. आधीच पातळ झालेलं रक्त सलाइनने आणखी पातळ होतं, आणि झडप खरोखरच गळत असेल तर पाणी फुप्फुसात उतरू शकतं. दम लागलेल्या कुत्र्याला नजर लागली म्हणून काळा दोरा बांधणं, अंगावर डाग देणं अजून कुठे कुठे चालतं. डागाच्या जखमेतून नवे जंतू शिरतात, आणि रक्तातल्या जंतूंना तेवढे दिवस फुकट मिळतात. उपचारानंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकून घ्यावं. रक्त भरलं आणि मर्मर गेला तर हृदय निर्दोष होतं. रक्त भरूनही मर्मर राहिला तर मात्र झडपेकडे बघायला हवं.

झडपेचा मर्मर दाबामुळे येतो. डावा खालचा कप्पा आकुंचन पावताना आत पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर इतका दाब असतो आणि वरच्या कप्प्यात जेमतेम १०. झडप नीट मिटली नाही तर या ११० च्या फरकाने रक्त मागे उसळतं. फरकाला ४ ने भागून वर्गमूळ काढलं की वेग मिळतो, सेकंदाला ५ मीटरहून जास्त. यातूनच एक उलटं वाटणारं सत्य निघतं. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला खरंच भोक असेल, तर लहान भोक मोठा आवाज करतं, कारण दाबातला फरक टिकून राहतो. भोक मोठं असेल तर दोन्हीकडचा दाब सारखा होत जातो आणि आवाज मंदावतो. म्हणजे आवाजावरून भोकाचा आकार ठरत नाही. डोबरमनसारख्या जातीत तर हृदयाचा स्नायू सैल पडतो तेव्हा मर्मर मंद असतो किंवा नसतोच, आणि रोग मात्र गंभीर असतो.

डॉक्टर मर्मरला १ ते ६ अशी पायरी देतात. १ शांत खोलीत कान देऊन ऐकावा लागतो, ५ ला छातीवर हात ठेवला तर थरथर लागते, ६ तर स्टेथोस्कोप जरा उचलला तरी ऐकू येतो. कुत्रं धापा टाकत असेल तर खालच्या पायऱ्या ऐकूच येत नाहीत, म्हणून ते उभं ठेवून तोंड काही सेकंद हाताने मिटून धरावं. श्वासाबरोबर ठोके कमीजास्त होणं हा मर्मर नव्हे. कुत्र्यात ते नेहमीचंच आहे.

पिल्लात १ किंवा २ पायरीचा मर्मर असेल तर घाबरू नये. चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत तो बहुधा जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेली आणि २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलेली कारवानी जात धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांची आहे. याच धाटणीच्या ग्रेहाउंडमध्ये निरोगी हृदयातही मंद मर्मर आढळतो, तेव्हा तेवढ्यावरून पिल्लू नाकारणं मला चुकीचं वाटतं. पण आवाज गिरणीसारखा अखंड, दोन्ही ठोक्यांना व्यापणारा असेल तर थांबू नका. जन्माआधी रक्त नेणारी, हृदयाजवळची एक नळी बंद व्हायची राहिलेली असते. ती वेळेत बंद केली तर कुत्रं पुरं आयुष्य जगतं.

म्हाताऱ्या पामेरियन, डॅशहुंड यांच्यात बहुतेक वेळा डावी झडप जाड होऊन गळत असते. अर्जुनसालीच्या काढ्याने ती पातळ होत नाही, कितीही जाहिराती झाल्या तरी. पिमोबेंडन मात्र तपासलेलं औषध आहे. ३६० कुत्र्यांवरच्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदय वाढलेलं पण अजून दम न लागलेल्या कुत्र्यांमध्ये त्याने आजार सुमारे १५ महिने पुढे ढकलला. हृदय वाढलेलं नसेल तर ते सुरू करायचं नसतं, म्हणून एक्स-रे किंवा इको लागतो. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड फुप्फुसात पाणी असल्यावरच द्यायचं.

घरी एकच मोजमाप पुरे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना छातीची वरखाली ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा, आठवड्यातून दोनदा, वहीत लिहून. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. सलग दोन-तीन रात्री आकडा वर राहिला तर डॉक्टरांना कळवा. ४० च्या पुढे गेला तर सकाळची वाट बघू नका, वही घेऊन त्याच रात्री दवाखाना गाठा.