लंबी (रॉबसन काउंटी)

लंबी हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातला मूलनिवासी समाज. हिंदीतल्या 'लंबी'शी काही संबंध नाही, उच्चार तेवढा तोच. मुख्य वस्ती रॉबसन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), थोडी शेजारच्या होक, स्कॉटलंड वगैरे काउंट्यांत. नोंदणी केलेले सभासद साधारण ५५ ते ६० हजार. सरकारी कामाचं गाव लंबरटन, पण समाजाचं खरं केंद्र म्हणजे पेम्ब्रोक. मधून लंबर नदी वाहते, तिला आधी 'ड्राउनिंग क्रीक' म्हणायचे, म्हणजे बुडवणारा ओढा, आणि आजूबाजूची दलदल बघितली की नाव उगाच पडलं नसणार हे कळतं.

मूळ कुठलं, यावरच सगळ्यात जास्त शाई खर्च झालीये. १८८० च्या दशकात हॅमिल्टन मॅकमिलन नावाच्या स्थानिक आमदाराने मांडलं की हे लोक म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या रोआनोक बेटावरच्या हरवलेल्या इंग्रज वसाहतीचे वंशज. १५८७ साली शंभरेक इंग्रज तिथे उतरले, १५९० मध्ये गव्हर्नर परत येऊन बघतो तर माणूस नाही, खांबावर कोरलेला 'क्रोअटोअन' हा एकच शब्द, म्हणजे जवळच्या एका बेटाचं आणि तिथल्या जमातीचं नाव. मॅकमिलनचा आधार काय, तर आडनावं, बोलण्यातली जुनी इंग्रजी वळणं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी. गोष्ट झकास आहे, पण आज घरोघर दिसणारी लॉकलिअर, ऑक्सेंडाइन, चेव्हिस ही आडनावं वसाहतीच्या यादीत नाहीतच, त्यामुळे आता अभ्यासक ही गोष्ट फारशी धरत नाहीत. १९३३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जॉन स्वॉन्टन यांनी सू भाषाकुळातल्या चेरॉ आणि कीयावी या जमातींकडे बोट दाखवलं. चेरॉ लोक १८ व्या शतकाच्या सुरुवातीला जवळच्या पीडी नदीवर होते, त्यामुळे हे जास्त पटतं. तरी एकच जमात धरून चालणं बहुधा चुकीचं, १७११ नंतरच्या टस्करोरा आणि यामासी युद्धांत आणि देवीच्या साथींत मोडलेल्या बऱ्याच टोळ्यांचे उरलेसुरले लोक या दलदलीत आसऱ्याला आले आणि गोऱ्या-काळ्यांशी सोयरिकी होत एक समाज उभा राहिला, असं मानणं बरं. १७५० च्या दशकातल्या एका सरकारी टिपणात ड्राउनिंग क्रीकवर '५० कुटुंबं, सरमिसळ लोक, कायदा न मानणारे, पट्ट्याशिवाय जमीन कसतात' अशा अर्थाचा मजकूर आहे. हे आजच्या लंबींचेच पूर्वज का, यावर वाद आहे, आणि लिहिणाऱ्याची सारा न भरल्याचीही तक्रार होती हे लक्षात घ्यावं.

नावांचा घोळ याच वादातून आला. १८८५ मध्ये राज्याने त्यांना 'क्रोअटन इंडियन' (इंडियन म्हणजे इथे अमेरिकेतले मूलनिवासी) म्हणून मान्यता दिली, पण गोऱ्यांनी त्याचं 'क्रो' करून टाकलं, म्हणजे कावळा, आणि 'जिम क्रो'च्या, म्हणजे गोरे सोडून बाकीच्यांना कायद्याने वेगळं ठेवण्याच्या, काळात ती सरळ शिवीच झाली. मग १९११ मध्ये 'रॉबसन काउंटीचे इंडियन', १९१३ मध्ये 'रॉबसन काउंटीचे चेरोकी', त्यावर राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले चेरोकी, म्हणजे वेगळीच जमात, आजतागायत नाराज. शेवटी १९५२ मध्ये मतदान घेऊन नदीवरून 'लंबी' ठरलं, विरोधात जेमतेम ३५ मतं, आणि १९५३ मध्ये राज्याने तेच कायद्यात घातलं. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने नाव मान्य केलं आणि त्याच दमात इंडियनांना मिळणाऱ्या सेवा नाकारल्या. ताट वाढायचं आणि हात बांधायचे, तसला प्रकार. पूर्ण केंद्रीय मान्यता यायला डिसेंबर २०२५ उजाडला.

मधे १९३६ मध्ये केंद्र सरकारने मानववंशशास्त्रज्ञ कार्ल सेल्ट्झर यांना पाठवलं, त्यांनी २०९ जणांची डोकी, नाकं, केस मोजले आणि फक्त २२ जणांना 'अर्धे किंवा जास्त इंडियन' ठरवलं, त्यात सख्ख्या भावंडांपैकी एक पास आणि दुसरं नापास.

त्याच्या बऱ्याच आधी, १८३५ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाच्या घटनेतल्या दुरुस्तीने या समाजाचा मताधिकार गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडचे लोक तरुणांना विल्मिंग्टनजवळ किल्ला बांधायला जबरदस्तीने नेत. मार्च १८६५ मध्ये होमगार्डने, म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या स्थानिक शिपायांनी, या समाजातल्या ॲलन लाउरी आणि त्यांचा मुलगा विल्यम यांना गोळ्या घातल्या, आणि दुसरा मुलगा हेन्री बेरी लाउरी याची टोळी पुढे सात वर्षं दलदलीतून लढली. फेब्रुवारी १८७२ मध्ये तो गायब झाला, डोक्यावरचं १२,००० डॉलरचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

शाळा हा समाजाचा कणा. १८८७ मध्ये राज्याने त्यांच्या शिक्षक घडवणाऱ्या शाळेला पगारासाठी ५०० डॉलर दिले, इमारत मात्र लोकांनी स्वतः उभी केली, आणि तीच शाळा वाढत आजची पेम्ब्रोकची युनिव्हर्सिटी झाली. तेव्हा काउंटीत गोरे, काळे, इंडियन अशा तीन वेगळ्या शाळा असत, थिएटरातही तीन भाग. १८ जानेवारी १९५८ ला मॅक्स्टनजवळ हेज पाँड या तळ्याकाठी कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने सभा लावली, तर काही शे लंबी बंदुका घेऊन आले, एकुलता एक दिवा फोडला आणि क्लानवाले अंधारात दलदलीतून पळत सुटले. त्यापेक्षा कमी गाजलेली पण जास्त टिकाऊ लढाई मतदानाची: शहरांची शाळा मंडळं वेगळी असूनही तिथले मतदार काउंटीच्या शाळा मंडळासाठीही मत द्यायचे, ते कोर्टाने १९७५ मध्ये बंद केलं.

रोजच्या ओळखीत कागद नाही, नातं चालतं. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न 'तू कुणाच्यातला?', मग आजीचं नाव, मग चर्च, बहुतेक बाप्टिस्ट नाहीतर मेथडिस्ट. बोलीत बेचकीला 'जुव्हेंबर', कॉफीला 'एलिक', आणि 'स्वँपवर' म्हणजे आपल्या वस्तीत. खाण्यात कोलार्ड सँडविच: मक्याच्या पिठाच्या दोन तळलेल्या भाकऱ्या, मधे कोबीच्या भाऊबंदातली शिजवलेली पालेभाजी आणि डुकराच्या चरबीचा कुरकुरीत तुकडा. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेचजण कामाला बाल्टिमोरला गेले, तिथेही त्यांनी एकाच भागात घरं केली, आणि उन्हाळ्यात पेम्ब्रोकच्या 'होमकमिंग'ला गाड्या भरभरून परत येतात.