नाडीचा वण

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं अंग पुसायचं काम माझ्याकडे आलं. तोवर तिची कंबर मी कधी पाहिलीच नव्हती. परकराची नाडी सोडली, तर खाली नाडीएवढीच रुंद काळीकुट्ट खाच, कमरेभोवती पुरती फिरलेली. जिथे रोज गाठ बसायची, तिथली कातडी वहाणेच्या पट्ट्यासारखी जाड झालेली. "हे कधीपासून गं?" म्हटलं, तर म्हणाली, "लग्न झाल्यापासून. सगळ्यांनाच असतो."

रोज साडी नेसणाऱ्या पुष्कळ बायकांच्या बाबतीत ते खरंच आहे. नाडीचा वण इतका नेहमीचा, की तो काही दुखणं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. बहुतेकींचा वण जन्मभर नुसता वणच राहतो. पण क्वचित एखादीच्या कमरेवर त्याच जागी कर्करोग होतो, आणि तो का होतो याचा बराचसा उलगडा आता झाला आहे.

साडीचा सगळा भार परकराच्या नाडीवर असतो. निऱ्या तिथेच खोचायच्या, पदराचा ताण तिथेच, पैशांचा बटवा आणि किल्ल्याही तिथेच. नाडी सैल राहिली तर साडी उतरते, म्हणून ती आवळायची. दाबाचं गणित इथे साधं आहे. अर्ध्या सेंटिमीटरच्या नाडीऐवजी तेवढ्याच ताणाने पाच सेंटिमीटर रुंद पट्टी बांधली, तर कातडीवर पडणारा दाब एक दशांश होतो. म्हणजे नाडी काचते ती नुसत्या आवळण्याने नाही, बारीक असण्यानेही.

सतत घासल्या जाणाऱ्या जागी कातडी स्वतःला जाड करून घेते. टाचेला घट्टे पडतात तसंच हे. रंग तयार करणाऱ्या पेशीही चिडतात, म्हणून पट्टा काळा पडतो. पुढे त्याच पेशी मेल्या, तर काळ्याच्या मध्ये पांढुरके चट्टे दिसू लागतात. त्यात घाम. ओली कातडी मऊ पडते, चटकन सोलवटते, आणि त्या ओलाव्यात नायटा फोफावतो. उघड्यावर आंघोळ करावी लागणाऱ्या बायका परकर छातीशी बांधूनच अंगावर पाणी घेतात. मग घाईघाईने कोरडा परकर चढवायचा. कंबर नीट पुसायला सवड आणि आडोसा दोन्ही नसतात. वर्ध्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यात दिवसभर वाकून शेतात राबणं. नाडीखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

कातडीच्या वरच्या थराची सर्वांत खालची रांग सतत नव्या पेशी तयार करत असते. जखम झाली, की हे काम जोरात चालतं. रात्री खपली धरली, सकाळी नाडीने ती पुन्हा काढली, असं वर्षानुवर्षं झालं तर या पेशींना थांबायला उसंतच मिळत नाही. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नकलेत चूक व्हायची शक्यता असते. जुनाट सुजेतून निघणारी रसायनं जनुकांना आणखी इजा करतात. अशा चुका साठत गेल्या, की एखादी पेशी थांबायचं विसरते. जुन्या व्रणावर होणाऱ्या अशा कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मार्जोलिन हे फ्रेंच शल्यचिकित्सक. व्रणांवर उठणाऱ्या अशा जखमांचं वर्णन त्यांनी १८२८ मध्ये केलं होतं. जळाल्याच्या जुन्या व्रणांवर तो अधिक आढळतो. कमरेवर त्याला भाजावं लागत नाही, रोजची नाडी पुरते.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची हकीकत ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पहिल्या बाई ७० वर्षांच्या. उजव्या कुशीवरची जखम १८ महिने भरत नव्हती. दुसऱ्या साठी उलटलेल्या, त्यांची जखम दोन वर्षांची, आणि त्यांच्या जांघेतल्या गाठीपर्यंत कर्करोग पोहोचला होता. या दुसऱ्या बाई परकर घालतच नव्हत्या. चाळीस वर्षं त्या लुगडं नेसत आल्या होत्या, कमरेला घट्ट आवळलेलं. म्हणजे दोष एकट्या परकराचा नाही. जे काही एकाच जागी, रोज, घट्ट बांधलं जातं, ते तिथली कातडी खातं.

ही गोष्ट बायकांपासून सुरूही झाली नव्हती. मुंबईत टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध लिहिला. त्यात कमरेवर धोतर आवळून होणारा कर्करोग होता. धोतर-कर्करोग हे नाव साडी-कर्करोगाच्या कितीतरी आधी वैद्यकाच्या पुस्तकात आलं.

मला इथेच थांबावंसं वाटतं. पुरुषांचं धोतर दोनेक पिढ्यांत रोजच्या वापरातून गेलं. आजोबांनी धोतर, वडिलांनी लेंगा, मुलाने पँट, आणि कुणी कुणाला जाब विचारला नाही. आजीला मात्र ती मुभा कधीच नव्हती. झोपतानाही साडीच, आजारपणातही साडीच. "घट्ट नेस, चारचौघांत सुटली तर काय?" हे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. नाडी आवळणारा हात तिचा असला, तरी तिला आवळायला लावणारी भीती तिची एकटीची नव्हती. मला साडी मनापासून आवडते, मी ती नेसते. तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या भीतीवर, कारण तीच भीती पुढे जखमही झाकून ठेवायला लावते. कमरेवरची जखम दाखवायची म्हणजे साडी सोडायची, तीही बहुतेकदा परक्या पुरुषासमोर. त्यापेक्षा हळद लावून नाडी बोटभर वर सरकवणं सोपं वाटतं. अठरा महिने असेच जातात.

तरुण मुलींची यातून सुटका झाली असंही नाही. सलवारीलाही नाडीच असते. शिवाय ज्यांच्या शरीरात कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस अशा कातडीच्या आजारांची प्रवृत्ती असते, त्यांच्या कातडीला जिथे इजा होते तिथे हे आजार उमटू शकतात. याला कोबनर परिणाम म्हणतात. नाडीच्या रेघेवर पांढरा डाग उठला, की घरात आधी मुलीच्या लग्नाची चिंता सुरू होते. नाडी सैल करावी हे कुणाला सुचत नाही.

उपाय घरातल्या शिवणयंत्रावर होण्यासारखे आहेत. परकराचा नेफा दोन इंची करून त्यात नाडीऐवजी मऊ सुती पट्टी ओवता येते. काहीजणी रुंद इलास्टिक आणि आकडे लावून घेतात. गाठ रोज एकाच जागी नको. आज उजवीकडे तर उद्या डावीकडे, कधी दोन बोटं वर. रात्री नाडी सोडून गाऊन घालावा. सासू-सासऱ्यांसमोर गाऊन चालत नसेल, तर निदान झोपताना नाडी सैल करावी. आंघोळीनंतर कंबर कोरडी पुसावी. परकराऐवजी घालायच्या, अंगाला चिकटणाऱ्या काही शेपवेअरमध्ये नाडी नसते, पण ते घट्ट असलं तर घाम आणि घर्षण तिथेही आहेच.

आणि जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, कडा उचललेल्या दिसल्या, रक्त किंवा घाण वास येऊ लागला, जांघेत गाठ लागली, तर मलम बदलत बसू नये. जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासला की निदान होतं. रोग वेळेत सापडला तर आजूबाजूची थोडी निरोगी कातडी घेऊन जखम काढून टाकतात, आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

आई, मावशी, आत्या आपण होऊन कंबर दाखवणार नाहीत. पण दिवाळीच्या पहाटे त्या पाठीला तेल लावून घेतात. तेव्हा परकर दोन बोटं खाली करायला सांगा आणि वणावरून बोट फिरवा. नुसती काळी, गुळगुळीत खाच लागली तर नाडी बदलायचं बघा. खरखरीत, ओलसर किंवा उघडं काही लागलं, तर दिवाळी संपायची वाट न बघता त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा, आणि तपासणीच्या खोलीत त्यांच्या सोबत थांबा.