पार्श्वभूमी: जुनी जीप, मागचे पाटे आणि ‘मूळ रूप’

जुन्या जीपचे मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग) बसवावी की नाही, यावरून नाशिकच्या जीपवाल्यांत सध्या सरळ दोन तट आहेत. निमित्त नव्या गाड्यांचं असलं तरी भांडणाचं मूळ जुनं आहे. पाटा गाडीत नेमकं काय काम करतो, आणि कायद्याच्या भाषेतला ‘बदल’ कुठून सुरू होतो, या दोन प्रश्नांची एकमेकांत गाठ बसलेली आहे.

लांबचा इतिहास थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पुढेमागे पाटेच होते, जेमतेम पावणेदोन इंच रुंदीचे. स्वातंत्र्याच्या वर्षापासून महिंद्राने मुंबईत त्या जीपची जोडणी सुरू केली, पुढे सीजे३बी हे मॉडेल इथेच बनू लागलं, आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या परवान्याचं डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली. इंजिन बदललं, बॉनेट बदललं. मागचा एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा कणा) पाट्यांवरच राहिला. मूळच्या अमेरिकन जीपने १९९७ च्या मॉडेलपासून चारही चाकांना कॉइल घेतली. आपल्याकडे महिंद्राच्या २०१० च्या थारलाही मागे पाटेच होते.

जीप खऱ्या अर्थाने नाशिकची झाली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत. देवळालीच्या छावणीमुळे लष्कराच्या लिलावातल्या जीपा या भागात नवलाच्या नव्हत्या. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या क्रेटी, औषधांची पिंपं आणि माणसं एकाच गाडीतून जायची. त्र्यंबक, पेठ, हरसूलच्या रस्त्यांवर काळी-पिवळीत माणसं मोजायची पद्धतच नव्हती. मागच्या फळीवर उभे असलेले धरायचे की नाही, यावर बेरीज अवलंबून. या सगळ्याचा भार मागच्या पाट्यांच्या दोन जुडग्यांवर.

त्यातून एक ठरावीक चक्र तयार झालं. पाटे दबून सपाट झाले की आडगाव नाक्याकडच्या, ट्रकचे पाटे ठोकणाऱ्याकडे जायचं. तो जुडगा उतरवून एकेक पाटा ठोकून त्याची कमान परत काढायचा, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडा गेलेला पाटा बदलायचा, आणि जाताजाता ट्रकचा एखादा कापून हेल्पर म्हणून खाली घालायचा. ठोकून आणलेली कमान काही महिन्यांत परत उतरायची, कारण थकलेल्या पोलादात हातोड्याने नवा जीव येत नाही. मग आणखी एक हेल्पर. असं करत करत गाडी भरलेली असताना बरी आणि रिकामी असताना बैलगाडीपेक्षा वाईट झाली. आज नव्वदच्या दशकातली कुठलीही जीप उघडून मागचे पाटे मोजले, तर कारखान्याने दिले होते तेवढेच निघतील याची खात्री कोणी देणार नाही. ‘मूळ रूप’ हा शब्द पुढे येणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्यावं.

मुंबईचा रस्ता चौपदरी झाल्यावर तक्रारीचं स्वरूप बदललं. पूर्वी पाटा तुटतो ही तक्रार होती. आता ऐंशीच्या वेगात मागची बाजू भटकते, कसाऱ्याच्या वळणात खड्डा लागला की टप्पा खाते, ही तक्रार झाली. ओझं वाहणारी गाडी हौसेची झाली, तरी पाटे ओझ्याचेच राहिले. त्याच सुमारास उंचीचं वेडही आलं. जीपचे पाटे हौसिंगच्या (एक्सलच्या पोलादी कवचाच्या) खाली असतात, ते वर घ्यायचे. गॅरेजात याला एसओए (स्प्रिंग ओव्हर एक्सल) म्हणतात. गाडी चार-पाच इंच उचलली जाते, मोठे टायर बसतात, फोटो झकास येतो. पण हौसिंगवरच्या बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागतात, एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या आखूड प्रॉपेलर शाफ्टचा कोन तीव्र होऊन त्याचे क्रॉस जॉइंट लवकर जातात, आणि क्लच सोडताना हौसिंग पाट्यांना पिळा घालतं. माझ्या मते जुन्या जीपांचं जेवढं नुकसान या एका फॅशनने केलं, तेवढं काळी-पिवळीच्या गर्दीनेही केलं नाही.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये नवी थार आली. ती आपल्या सातपूरच्या वाटेवरच्याच कारखान्यात बनते, आणि तिला मागे कॉइल आहे. एक्सल अखंडच, पण पाट्यांऐवजी आर्म (एक्सल धरणाऱ्या दांड्या) आणि कॉइल. ज्याने ती चालवली तो घरी येऊन आपल्या ५४० कडे वेगळ्या नजरेने पाहू लागला. “हिला पण कॉइल टाकून द्या ना” हे वाक्य तेव्हापासूनचं.

हे वाक्य फसवं आहे. कॉइल ‘टाकता’ येत नाही. पाटा दोन कामं करतो: गाडीचा भार पेलतो, आणि एक्सलला जागेवर धरून ठेवतो. पुढचा डोळा (पाट्याच्या टोकाची गोल वळी) चासीला घट्ट, मागचा डोळा शॅकलवर (हलत्या दुव्यावर) झुलता, मध्ये यू-बोल्टने आवळलेलं हौसिंग. एक्सल पुढे-मागे, डावी-उजवीकडे जात नाही किंवा जागच्या जागी फिरत नाही, ते पाट्यामुळेच. तिसरं कामही तो न सांगता करतो: पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घर्षणात थोडी उसळी जिरते. कॉइल फक्त भार पेलते. म्हणून पाटे गेले की एक्सल धरायला खाली दोन आर्म, वर दोन आर्म आणि आडवा पॅनहार्ड रॉड लागतो. उसळी जिरवायला चांगले शॉकप (शॉक अब्सॉर्बर) लागतात. वळणात कलू नये म्हणून अँटी-रोल बारही लागतो. यातलं प्रत्येक टोक चासीला कुठेतरी जोडायचं असतं.

चासी तर पाट्यांसाठीच आखलेली. पाटा भार दोन ठिकाणी देतो, पुढच्या डोळ्याशी आणि शॅकलशी, आणि तिथेच चासीला जोर दिलेला असतो. कॉइल तोच भार मधल्या एका जागी देते, जिथे जोर दिलेलाच नाही. पस्तीस वर्षांच्या, आतून गंजलेल्या चासीवर तिथे कंस (ब्रॅकेट) वेल्ड केला की तडा वेल्डमध्ये जात नाही, वेल्डच्या कडेला जातो. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी असा तडा बोटाने चाचपून पाहिलेला आहे. जीप दिसायला देखणी होती.

म्हणजे वादाचा खरा मुद्दा स्प्रिंग नसून वेल्ड आहे, आणि कायदाही फिरून त्याच जागी येऊन थांबतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं आणि फार थोड्यांनी वाचलेलं कलम. मूळ कलमात बदलाला वाट होती: नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा, मंजुरी घ्या, मग करा. जोडसामान लावल्या-काढल्याने रिकामं वजन दोन टक्क्यांच्या आत बदलत असेल, तर मंजुरीही नको. बाराशे किलोच्या जीपला चोवीस किलोची सूट. २००० सालच्या दुरुस्तीने ही वाट जवळपास बुजवली. नव्या शब्दांप्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ कडक धरला, आणि दक्षिणेतल्या एका राज्यात दिली गेलेली सवलत रद्द केली. त्याच वर्षी कायद्यात दंडाचं नवं कलम आलं: बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथवर कॉइलविरोधी तट खुशीत असतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदलाची व्याख्या आहे: गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. मागचं सस्पेन्शन हे जीपचं मूलभूत वैशिष्ट्य आहे का? कॉइलवाले म्हणतात, नोंदणी पुस्तकात व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आहे, रिकामं वजन आहे, आसनं आहेत, रंगसुद्धा आहे. सस्पेन्शनचा रकाना नाही. जे लिहिलेलंच नाही ते विसंगत कसं होईल? युक्तिवाद चलाख आहे, आणि नुसत्या शब्दांवर गेलं तर चुकीचाही नाही. पण आर्म बसवताना एक्सल इंचभर मागे सरकला तर व्हीलबेस बदलला, आणि व्हीलबेसला रकाना आहे. समोरच्या तटाचंही सगळं खरं नाही. ते “कंपनीने दिलं तेच” म्हणतात, पण त्यांच्यातल्या कित्येकांच्या गाडीखाली ट्रकचे हेल्पर आहेत आणि हौसिंगवर एसओएच्या बैठका. त्याला कोणी बदल म्हणत नाही, कारण दिसायला पाटाच दिसतो.

२०२१ च्या जुलैमधल्या विंटेज वाहनांच्या नियमांनी यात एक शब्द वाढवला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षं मुदत, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. मोठा फेरफार म्हणजे काय, तर चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमधला बदल. सस्पेन्शन हा शब्द इथेही नाही. पण कॉइलचे कंस चासीवर वेल्ड होतात, तेव्हा तो चासीतला बदल झाला की नुसती जोडणी? मी जितक्या जाणत्यांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली. पेठ रोडच्या आरटीओत दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेणाऱ्यांचा अनुभवही एकसारखा नाही. खाली वाकून पाहणारा साहेब आणि न वाकणारा साहेब, एवढाच फरक.

नियमांनुसार विंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच तिने रस्त्यावर यायचं. त्यामुळे साठच्या दशकातली सीजे३बी असलेल्यांना हा दरवाजा उघडा आहे आणि ते शक्यतो पाट्यांना हात लावत नाहीत. अडचण आहे ती ५४० वाल्यांची. १९८५ ची जीप २०३५ मध्ये पन्नाशीची होणार, तोवर ती रोज चालवायची आहे आणि पुढे व्हीए पाटीही हवी आहे.

अशांनी मधला मार्ग काढलाय तो पॅराबोलिक पाट्यांचा. दोन-तीनच जाड पाटे, मध्ये जाड आणि टोकाला निमुळते, एकमेकांना फक्त मध्यावर आणि टोकाशी टेकणारे. घर्षण कमी, म्हणून चाल मऊ. आणि घर्षण कमी म्हणूनच शॉकप चांगले नसतील तर गाडी पाळण्यासारखी झुलते. जुन्याच डोळ्यांत, जुन्याच शॅकलवर बसतात, वेल्डची ठिणगी पडत नाही. मी माझ्या जीपला हेच घातलेत, तेव्हा वरच्या मजकुरात माझं माप कुठे झुकलं असेल ते वाचणाऱ्याने वजा करून घ्यावं. द्राक्षाच्या क्रेटी भरायच्या असतील तर मात्र हे पाटे नकोत.

कॉइल करून बसलेल्यांपैकी काहींनी काढलेला जुना संच, पाटे, शॅकल, यू-बोल्ट, सगळं ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. लागलं तर परत बसवू म्हणतात. पाटे परत बसतीलही. चासीवरचे कंस कापले तरी त्यांचे डाग राहतात, आणि खाली वाकून पाहणाऱ्या साहेबाला ते दिसतात.